तिसऱ्या लाइनवरचा फेरा

माझ्या नोकरीची शेवटची पंधरा वर्षं एकाच स्टेशनवर गेली, आणि त्या पंधरा वर्षांत माझ्या हद्दीत एकही बिघाड झाला नाही, असं रजिस्टर सांगतं. रजिस्टर मीच लिहीत होतो.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हेच सांगायला मी मागे इतका वेळ लावला की एका माणसाची नोकरी जायची वेळ आली.

मी सिग्नल मेंटेनर होतो. म्हणजे काय ते लोकांना ठाऊक नसतं. मी सांगितलं की समोरचा लगेच हात हलवून झेंडा दाखवायची नक्कल करतो. झेंडा दाखवणारा वेगळा. मी रुळांच्या कडेच्या केबली, गाडीचा रूळ बदलणारे पॉइंट फिरवणाऱ्या मोटारी, सिग्नलचे दिवे आणि रिले रूममधली वीज जोडणारी-तोडणारी कपाटं सांभाळायचो. हे काम चांगलं झालं तर कुणाला कळत नाही आणि बिघडलं तर अख्ख्या गाडीला कळतं. अशा कामात माणसाला कौतुकाची भूक लागते. मला ती जरा जास्तच लागली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमच्यात एक रीत होती. कुठल्याही नियमावलीत ती नव्हती, पण मी ज्या ज्या स्टेशनवर काम केलं तिथे तिथे होती. बिघाड पाच मिनिटांच्या आत दुरुस्त झाला आणि गाडी खोळंबली नाही, तर तो लिहायचा नाही. लिहिला की वरून फोन, फोनमागून पत्र, पत्राला खुलासा, आणि खुलाशावर पुन्हा पत्र. नखाएवढा फ्यूज बदलायचा आणि आठवडाभर कागद रंगवत बसायचं, हे कुणी सांगितलंय? त्यापेक्षा स्टेशन मास्तरने कानाडोळा करायचा आणि मी हात चालवायचे. आमच्या मास्तरचं आणि माझं याबाबतीत चांगलं जमलं होतं.

पहिल्या वर्षी रजिस्टर कोरं राहिलं तेव्हा योगायोग होता. दुसऱ्या वर्षी साहेबांनी बैठकीत माझं उदाहरण दिलं. तिसऱ्या वर्षी 'शून्य बिघाड' अशी ढाल मिळाली, आणि तेव्हापासून लोक मला शून्यवाले म्हणायला लागले. एकदा हरभऱ्याच्या झाडावर चढल्यावर खाली उतरायचं कसं ते मला कधी जमलं नाही. दर वर्षी एखादा फ्यूज, एखादा सैल स्क्रू, एखादी मुंग्यांनी भरलेली पेटी यायची, मी ती पाच मिनिटांत निपटायचो आणि रजिस्टरच्या पानावर तिरकी रेघ मारून 'निरंक' लिहायचो.

इथवर लाज वाटावी असं फार काही नव्हतं. निदान मला वाटत नव्हती. लाजेची गोष्ट तिसऱ्या लाइनवर झाली.

आमच्या स्टेशनात तीन लाइनी. पहिल्या दोन रोजच्या वापरातल्या. तिसरी बाजूची. तिच्यावर महिन्यातून एखादी मालगाडी नाहीतर दुरुस्तीचं यंत्र येऊन उभं राहायचं. कुठल्या लाइनवर गाडी आहे हे मास्तरला खिडकीतून डोकावून बघावं लागत नाही. रुळांतून अगदी थोडी वीज सोडलेली असते. गाडी आली की तिची चाकं दोन्ही रूळ एकमेकांना जोडतात, वीज तिथूनच माघारी फिरते, आणि मास्तरपुढच्या पॅनेलवर त्या लाइनचा लाल दिवा लागतो. तो लागलेला असताना त्या लाइनवर दुसरी गाडी घ्यायची म्हटलं तरी सिग्नल पडत नाही, म्हणजे हिरवा होत नाही. सगळा भरवसा चाक रुळाला नीट भिडण्यावर. वापर नसलेल्या रुळावर गंज चढला की तो मध्ये येतो, वीज जोडली जात नाही, आणि मग गाडी समोर उभी असते आणि पॅनेल म्हणतं, लाइन मोकळी आहे.

अकरा वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी, दोन रिकामे डबे तिसऱ्या लाइनवर उभे होते आणि पॅनेलवर दिवा नव्हता. मास्तरने मला बोलावून घेतलं. मी एकदा पॅनेलकडे बघितलं, एकदा खिडकीबाहेर. डबे होते तिथेच होते.

"हे काही पाच मिनिटांतलं नाही," मास्तर म्हणाला.

"नाही," मी म्हणालो.

"मग लिहायचं का?"

सिग्नल उगाच लाल झाला तर गाड्या थांबतात, शिव्या बसतात, पण कुणी मरत नाही. हे उलटं होतं. असं दिसलं की त्या क्षणी लाइन बंद करायची, लिहायचं आणि वर कळवायचं, हा आमच्या कामातला पहिला धडा. मी तो नव्या लोकांना शिकवायचो. पण त्या शुक्रवारी ढाल मिळणार होती, आणि मास्तरच्या बढतीची फाइल वर गेलेली होती. शेवटी मी म्हणालो, "एक इंजिन मागव."

इंजिन तिसऱ्या लाइनवर चार खेपा पुढेमागे नेलं. चाकांनी गंज खरवडून काढला, रूळ चमकले, दिवा लागला. त्यानंतर दर दुसऱ्या सोमवारी तेच. कागदावर नुसतं 'शंटिंग' लिहायचं. पॉइंट्समन म्हणायचा, "चला, इंजिनाचे पाय मोकळे करून आणतो." आम्ही हसायचो.

उपाय चुकीचा नव्हता. न वापरलेल्या रुळाला चाक फिरवणं हाच त्यावरचा इलाज. चूक ही, की तो कशासाठी करतोय ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते दोन माणसांच्या डोक्यात होतं, आणि दोघांचंही निवृत्तीचं वय जवळ येत होतं.

मी आधी निवृत्त झालो. माझ्या जागी आलेला मेंटेनर पस्तिशीचा, जाड चष्म्याचा, प्रत्येक गोष्ट वहीत टिपून घेणारा. अशी माणसं मला आवडत नाहीत, कारण ती आपल्यालाही लिहायला लावतात. निरोपाच्या कार्यक्रमात सगळे उभे असताना तो वही उघडून माझ्याजवळ आला.

"काका, रजिस्टरमध्ये नाही असं काही सांगायचं असेल तर आजच सांगा. तुम्ही जुने लोक बरंच काही डोक्यात ठेवता."

साहेब माझ्या शेजारीच उभे होते. माझ्या हातात पंधराव्या वर्षाची ढाल होती.

"छे," मी म्हणालो. "जे आहे ते सगळं रजिस्टरमध्ये आहे."

त्याने तेही टिपून घेतलं असावं. मी स्वतःची समजूत घातली की मास्तर अजून आहे, तो बघून घेईल. मास्तर आणखी आठ महिने होता. मग त्याची बदली झाली, आणि जाताना तो नव्या मास्तरला एवढंच म्हणाला की सोमवारी इंजिन फिरवायचं. का, ते नव्याने विचारलं नाही आणि जुन्याने सांगितलं नाही.

आता सुनेबद्दल. माझी सून रेल्वेच्याच मुख्य कार्यालयात आहे. कुठलं यंत्र किती दिवसांनी बिघडतं, कशाची किती वेळा तपासणी हवी, हे जुन्या नोंदींवरून काढायचं तिचं काम. मुलगा तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला तेव्हा तिने दारातच मला विचारलं होतं, "तुम्हीच ते शून्यवाले का?" मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं. मी मात्र दोन दिवस तरंगत होतो. पोरीने माझी पंधरा वर्षांची रजिस्टरं वाचली होती. माझ्या बायकोने इतक्या वर्षांत माझं साधं पत्र शेवटपर्यंत वाचलेलं नाही.

लग्नानंतर ती मला बाबा म्हणायला लागली, आणि नुसतं म्हणायची नाही. कार्यालयात काही अडलं की फोन करून विचारायची. एखाद्या नव्या साहेबाने जुन्या लोकांना नावं ठेवली तर भांडून यायची आणि घरी येऊन मला सांगायची. मला स्वतःची मुलगी नाही. ती उणीव राहिली नव्हती.

गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. ती खुशीत होती.

"बाबा, माझी योजना मंजूर झाली," ती म्हणाली. "चाळीस स्टेशनांच्या नोंदी तपासल्या. तुमचं स्टेशन पहिलं. म्हणून सुरुवात तिथूनच. पंधरा दिवसांची तपासणी आता तीन महिन्यांनी करायची, आणि वाचलेली माणसं जिथे खरोखर बिघाड होतात तिथे पाठवायची."

योजना शहाणपणाची होती. नोंदी खऱ्या असत्या तर मीही तिची पाठ थोपटली असती.

"आणि एक गंमत," ती पुढे म्हणाली. "तिथे दर पंधरवड्याला एक इंजिन तिसऱ्या लाइनवर उगाचच चार खेपा मारतं. वर्षानुवर्षं. मी सगळ्यांना विचारलं, एकालाही कारण माहीत नाही. मी बंद करून टाकलं. पण ते होतं कशासाठी हो?"

घास माझ्या घशात अडकला. बायकोने पाण्याचं भांडं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "सावकाश. तुमची गाडी काही चुकत नाही आता." मी पाणी प्यायलो. पाणी संपलं तरी भांडं तोंडाला लावून बसलो.

जेवणानंतर मी सुनेला गॅलरीत बोलावलं. सगळं सांगायचं, असं ठरवूनच बोलावलं होतं. सुरुवात सोप्या टोकाने केली. "अगं, ते शून्य खरं नाही," मी म्हणालो. पाच मिनिटांची रीत सांगितली. फ्यूज, स्क्रू, मुंग्या, सगळं एकेक करून सांगितलं. बोटांवर मोजले तर एकोणीस झाले. मला वाटलं, ही आता उठून जाईल.

ती हसली. "मला अंदाज होता," ती म्हणाली. "सगळीकडे हेच चालतं बाबा. पण आजवर मला एकानेही स्वतःहून सांगितलेलं नाही. तुम्ही पहिले." आणि तिचे डोळे भरून आले. तिने आतून वही आणली, एकोणीसच्या एकोणीस उतरवून घेतले, आणि म्हणाली की एवढे धरूनही तुमचं स्टेशन पहिलंच राहतं. मग तिने विचारलं, "आणि ते इंजिन?"

तोंडाशी आलं होतं, खरंच. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मला आणखी थोडा वेळ हवी होती.

"ती त्या जुन्या मास्तरची लहर," मी म्हणालो. "इंजिन उभं राहून आखडतं म्हणायचा. विक्षिप्त होता जरा."

ती पुन्हा हसली आणि वही मिटली. एकोणीस बिघाडांच्या आड मी विसावा दडवला, आणि वर एका चांगल्या माणसाला वेडं ठरवलं. त्या दुपारी मला गाढ झोप लागली. बायको म्हणाली, बऱ्याच दिवसांनी घोरलात.

झोप काही टिकली नाही. ते दिवस दमट होते. घरातल्या खिडक्यांच्या कड्या तांबूस व्हायला लागल्या होत्या, आणि मला दुसरं काही दिसेना. दोन आठवडे झाले, चार झाले, सहा झाले. सातव्या आठवड्यात मी तारेचा ब्रश पिशवीत घातला, बायकोला फिरायला जातो म्हणून सांगितलं आणि स्टेशन गाठलं. तिसरी लाइन टोकापासून टोकापर्यंत तपकिरी झालेली होती. मी मागच्या बाजूने उतरलो, गुडघे टेकले आणि रूळ घासायला लागलो.

साठी उलटलेला माणूस सहाशे मीटरची लाइन ब्रशने घासायला निघाला होता. आता आठवलं की हसूही येत नाही. दहा पावलं घासून झाली आणि गुडघ्यांनी संप पुकारला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काका? काय शोधताय?"

चष्मेवाला मेंटेनर होता. मी ब्रश पिशवीत ढकलला. "चष्म्याची काडी पडली बहुतेक," मी म्हणालो. तो तिथेच खाली वाकून खडीत शोधायला लागला. मी नको नको म्हणत होतो तरी पाच मिनिटं शोधत होता. मग मला आत घेऊन गेला, चहा दिला. रिले रूमच्या दाराशी भिंतीवर माझा ढाल घेतलेला फोटो लावला होता. "रोज आल्यावर आधी तुमच्याकडे बघतो," तो म्हणाला. आता असं कुणी म्हटल्यावर त्याला काय सांगायचं? मी चहा संपवला आणि घरी आलो. सांगायचं तर तिथेच सांगायला हवं होतं. त्याची वही टेबलावरच होती.

आठ दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला वरच्या तारा दुरुस्त करणारी छोटी गाडी तिसऱ्या लाइनवर येऊन थांबली. तीन कामगार तिच्यावर बसून डबा खात होते. पॅनेलवर दिवा लागला नाही. पहिल्या दोन्ही लाइनींवर मालगाड्या होत्या, म्हणून नव्या मास्तरने पॅसेंजर गाडी तिसरीवर घेतली, आणि सिग्नल बिनतक्रार पडला. ड्रायव्हरची नजर चांगली होती. त्याने ब्रेक दाबले, आणि गाडी त्या तिघांपासून तीस पावलांवर थांबली. एकाने घाबरून उडी टाकली, त्याचा पाय मोडला. बाकी कुणाला काही झालं नाही.

चौकशी लागली. अधिकारी संध्याकाळी पोचले तेव्हा पॅसेंजर गाडी पुढे निघून गेली होती आणि ती छोटी गाडी इंजिनाने ओढून नेली होती. एवढी चाकं त्याच रुळांवरून गेल्यावर गंज कुठला राहायला? चाचणी घेतली तर दिवा व्यवस्थित लागत होता. मग अपघात झाला कसा? एकच शक्यता उरली असं त्यांचं म्हणणं पडलं. आपली कटकट वाचवायला मेंटेनरने रिलेला बाहेरून वायर जोडून लाइन कायम मोकळीच दिसेल असं केलं असणार, आणि गोंधळ झाल्यावर ती वायर काढून टाकली असणार. त्याला त्याच दिवशी निलंबित केलं. गुन्हा दाखल करायचं बोलणं सुरू झालं.

सून त्या आठवड्यात घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मी जमेल तेवढ्या साळसूदपणे विचारलं, "गंज असेल का गं?"

"पहिला विचार तोच केला," ती म्हणाली. "पण रूळ स्वच्छ होते. आणि तुमच्या पंधरा वर्षांत ती लाइन गंजामुळे एकदाही फसलेली नाही. इंजिनाच्या त्या खेपा सुरू व्हायच्या आधीही ती वापरात नव्हतीच की. मग याच्याच वेळी कशी फसेल?"

मी मान डोलावली. लाज या शब्दाचा अर्थ मला तोवर कळलेला नव्हता असं आता वाटतं. माझं रजिस्टर त्या चष्मेवाल्याच्या विरुद्ध साक्ष देत होतं, तेही सुनेच्या तोंडून, आणि मी मान डोलावत होतो.

चौकशीच्या तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. आरोपी म्हणून नाही, जाणकार म्हणून. देखभाल कशी असायला हवी ते सांगायला. स्टेशनच्या वरच्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, मध्ये चौकशी अधिकारी, एका टोकाला नोंदी घेऊन सून, दुसऱ्या टोकाला चष्मेवाला. तो बराच वाळला होता. मला बघून उठून उभा राहिला, आणि अधिकाऱ्यांनी बस म्हटल्यावर बसला.

आधी सुनेला विचारलं. अधिकारी म्हणाले, "मॅडम, तुमचा सगळा निष्कर्ष या जुन्या रजिस्टरवर उभा आहे. ही नोंद खरी कशावरून? शून्य बिघाड म्हणजे मला तरी पटत नाही."

"शून्य नाहीये साहेब," ती म्हणाली. "एकोणीस आहेत. सगळे किरकोळ. हे मला माझ्या सासऱ्यांनी स्वतःहून सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना. मी त्यांच्या शब्दाची खात्री देते. याच्यापलीकडे काही असतं तर त्यांनी तेही सांगितलं असतं."

ती माझ्याकडे बघून किंचित हसली. मला धीर द्यायला. तिला वाटलं असावं, एकोणीस बिघाड चारचौघांत निघाले म्हणून मी अवघडलोय.

मी उठून उभा राहिलो. उठताना काही ठरवलं होतं असं नाही. बसवेना एवढंच खरं.

"विसावा राहिला," मी म्हणालो.

मग मी सांगितलं. दोन रिकामे डबे, न लागलेला दिवा, ढाल, मास्तरची बढती, इंजिनाच्या चार खेपा. मास्तर विक्षिप्त नव्हता, तो शब्द माझा होता. निरोपाच्या दिवशी या माणसाने विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो. ब्रशचंही सांगितलं. चष्म्याची काडी पडली नव्हती, तेही सांगितलं. सुनेकडे बघायचं नाही असं ठरवून मी पाण्याच्या जगकडे बघत बोललो. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. एवढ्याशासाठी मी दहा वर्षं घालवली होती.

चष्मेवाला ओरडेल, निदान शिवी तरी देईल, असं मला वाटलं, आणि मला ती हवी होती. त्याने चष्मा काढला आणि हातात धरून बसला.

"मी रोज मनातल्या मनात ती कपाटं उघडतो, काका," तो म्हणाला. "एकेक वायर मोजतो. मला वाटायला लागलं होतं की माझ्याच हातून काहीतरी जोडलं गेलं असेल आणि मला आठवत नसेल. बायकोलाही तसं सांगून बसलो."

मी त्याला माफ कर म्हणालो. त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्याने बोलावं अशी अपेक्षा करायचा मला अधिकारही नव्हता.

अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. "हा जबाब लेखी घ्यावा लागेल," ते म्हणाले. "मॅडम, तुमचं नातं आहे. दुसऱ्या कुणाला बसवू का?"

"नको साहेब," सून म्हणाली. "मीच लिहिते."

तिने नवा कागद घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तारीख विचारली, मी सांगितली. डब्यांची संख्या विचारली. दिवा किती वेळ लागला नाही, इंजिन किती वाजता मागवलं, पहिला फेरा कधी, शेवटचा कधी, कुणाकुणाला माहीत होतं. मला सगळं आठवत होतं, मिनिटांसह. तिने एकदाही बाबा म्हटलं नाही. नुसतं "पुढे," "पुढे," म्हणत होती. तिचं अक्षर सुरेख आहे. मुलगा तिला घरी घेऊन आला त्या आठवड्यात मी बायकोला म्हणालो होतो की या पोरीच्या अक्षरावरून कळतं, ही फसवणार नाही कुणाला.

गॅलरीतल्या त्या दुपारपाशी आलो तेव्हा तिचं पेन थांबलं.

"त्या दिवशी तुम्हाला इंजिनाबद्दल थेट विचारलं होतं का?" तिने कागदाकडे बघतच विचारलं.

"हो."

"कुणी?"

"तू."

"उत्तर काय दिलंत?"

मी उत्तर सांगितलं. तिने ते जसंच्या तसं लिहिलं, मास्तरची लहर, इंजिन आखडतं, सगळं. मग सबंध जबाब वाचून दाखवला. शाळेतल्या बाई धडा वाचतात तसा, न अडखळता. माझं आयुष्यभराचं काम पावणेदोन पानांत बसलं होतं, आणि त्यातली एकही ओळ खोटी नव्हती.

"अजून काही राहिलंय?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "आता काही नाही."

तिने पहिल्यांदा वर बघितलं. मग कागद पुढे ओढला, शेवटच्या वाक्याखाली चार ओळी कोऱ्या सोडल्या, आणि त्यांच्याखाली माझ्या सहीसाठी फुली केली.

"मॅडम, जबाबात अशी जागा सोडत नाहीत," अधिकारी म्हणाले.

"माहीत आहे साहेब," ती म्हणाली. "असू दे. त्यांना एका वेळी सगळं आठवत नाही."

तिने पेन माझ्यापुढे ठेवलं. मी फुलीपाशी सही केली.